शिवेवर थांबलेला गाडा

हौसा, मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधी सांगते. बाकीचं मग. मोठी मी. नणंद मी. केस पिकले ते माझे, जिना बघितला की गुडघे कुरकुरतात ते माझे. आधी जायची पाळी माझी होती. जन्मभर तू कुणाच्या पुढं गेली नाहीस, पाणवठ्यावरसुद्धा सगळ्यांच्या मागं उभी राहायचीस, आणि जायच्या वेळी मात्र मला मागं सारून बरी गेलीस.

सध्या सकाळी धुकं फार असतं. नदीकडनं येतं, उसाच्या तुऱ्यांवर बसतं, आणि हळूहळू वरचं गाव पुसतं, मग खालचं गाव पुसतं. मधे आपलं घर तेवढं राहतं. तसल्या धुक्यात तू मला रोज दिसतेस. चुलीपुढं उकिडवी बसलेली, धुरानं डोळे बारीक केलेली, पदर खांद्यावरनं घसरलेला. मी हाक मारत नाही. हाक मारली तर तू उठून कामाला लागशील आणि दिसायची बंद होशील, असं काहीतरी येडं मनात येतं. म्हणून उंबऱ्यावर बसून नुसती बघते, आणि चहा गार होतो.

किसननं काल विषय काढला. तुझा नवरा म्हणून तू त्याला भित्रा म्हणायचीस, माझा भाऊ म्हणून मी त्याला शहाणा म्हणायचे. तो म्हणाला, आक्का, आता इथं नको. मिशनच्या आवारात जाऊ. मडमसाहेबांनी निरोप धाडला होता, की शहरात आपल्यासाठी खोली ठेवली आहे. दगडी भिंत आहे, फाटकाला माणूस आहे, दवाखाना भिंतीला लागून आहे. ताप अजून गेलेला नाही. जर्मनीच्या लढाईतनं बोटीतून आला म्हणतात, आणि आता तर घरटी एक तरी माणूस अंथरुणावर आहे. मी लगेच हो म्हणाले. का म्हणणार नाही? त्या भिंतीसाठी मी तुझ्याशी वीस वर्षं भांडले. आज भिंत मिळाली, तर भांडायला तू नाहीस. मला भीती वाटते, हौसा, हे तुझ्यापाशी लपवून काय करू? कुणी बांधावरनं खोकलं तरी अंगावर काटा येतो.

तू कशी काय भीत नव्हतीस, हे मला कधीच कळलं नाही. तू म्हणायचीस, भिते की मी पण. मला ते खरं वाटायचं नाही.

मी लहान होते तेव्हा मला एक स्वप्न पडायचं. तुला सांगितलं होतं का? बहुतेक नाही. गाड्याचा मान आपल्या घराण्याचा. साथ आली की गाव सुताराकडनं एक छोटा लाकडी गाडा करून घ्यायचं. त्यात मरीआईचा मुखवटा, हिरव्या बांगड्या, खण, सुपात धान्य, नारळ. सगळ्या गावाची साथ त्या गाड्यात बसली असं धरायचं, आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या बानं तो ओढत शिवेपार नेऊन सोडायचा. पलीकडचं गाव तो बघून हबकायचं आणि त्याच्या पुढच्या शिवेपार लोटायचं. मान मोठा, पण गाडा सोडून आल्यावर बाला आठ दिवस कुणी दारात उभं करायचं नाही. तर मला स्वप्न पडायचं, की जोतिबाच्या डोंगरामागं कुठंतरी एक शेवटचं गाव आहे. पुढं शीवच नाही. सगळे गाडे तिथं येऊन थांबलेत, आणि तिथली माणसं त्यांच्यामधनं वाट काढत पाण्याला चाललीत. मी बाला विचारायचे, त्या गावात कोण राहतं? बा म्हणायचा, गप नीज.

मग किसन मिशनच्या शाळेत शिकला, तुझ्याशी लग्न केलं, आणि तुम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मी विधवा, भावाच्या आधारानं राहणारी. भाऊ त्या वाटेनं गेला म्हणून मीही गेले. खरं तेच सांगते. पाण्यात डोकं बुडवलं तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, सर्दी होईल ही काळजी होती. तू मात्र बाहेर आलीस ती रडत आणि हसत. किसननं गाड्याचा मान सोडला. गाव चिडलंच, आपल्या वस्तीतल्या लोकांनीही दारं लावून घेतली. ना घरचे ना घाटाचे, अशी आपली गत. शेवटी मिशननं ही खडकाळ पट्टी घेऊन दिली, बरोबर दोन गावांच्या शिवेवर. शिवेचा दगड आपल्याच अंगणात. घर वरच्या गावात आणि गोठा खालच्या गावात, म्हणून तू हसायचीस.

त्यानंतर पलेग आला. तेव्हाचं शहर मला अजून झोपेत दिसतं. महाराजांच्या राज्यात नुसती भांडणं चालली होती, कुणी कुणाच्या घरी कुठले मंत्र म्हणायचे यावरनं मोठी मोठी माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आणि मग उंदीर पडायला लागले आणि सगळेच उठून माळावर खोपी घालून राहिले. ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं उतरवलेली. आपण दोघी मिठाला गेलो होतो, आठवतंय? गल्लीत चिटपाखरू नाही. उघड्या घरात वरनं ऊन पडलेलं, भिंतीवर कुणाचातरी पाळणा टांगलेला, आणि सगळ्या घरांमधनं आभाळ दिसत होतं. तू चालता चालता थांबलीस आणि हळूच म्हणालीस, किती स्वच्छ दिसतंय. मी तुला ओढत बाहेर आणलं.

आपलं घर अंतरावर म्हणून वाचलं होतं. पण एका सकाळी असंच धुकं होतं आणि चाकांची करकर आली. मी ओळखली ती करकर. वरच्या गावानं गाडा केला होता, आणि किसन ओढणार नाही म्हणून परगावचा एक माणूस पैशानं आणला होता. तो बिचारा शिवेच्या दगडापर्यंत आला आणि दोर टाकून पळाला. खालच्या गावचे लोक राखणीला बसलेलेच होते. त्यांनी काठ्यांनी गाडा मागं ढोसला. असा तो आपल्या अंगणात येऊन थांबला. ऊन वर येईपर्यंत दोन्ही बांधांवर माणसं उभी. अलीकडनं वरच्या गावचा तात्या पाटील ओरडतोय, किसन्या, मान तुझा हाय, वड पुढं, न्हाईतर खोपटाला काडी लावतो. पलीकडनं ते ओरडतायत, वडलास तर तंगडं मोडतो. किसनचा चेहरा राखेसारखा झाला. तो दोराकडं वाकला, हे मी बघितलं. मी त्याला बोल लावत नाही. मीसुद्धा मनात म्हणत होते, वड बाबा, वड, जाऊ दे ती पीडा कुणाच्याही दारात.

तू घरातनं बाहेर आलीस. हातांना पीठ. दोर उचललास, गाडा फिरवलास, आणि ओढत नेऊन आपल्या चिंचेखाली उभा केलास. मग तू मोठ्यानं म्हणालीस, आणि तू कधी मोठ्यानं बोलत नव्हतीस:

"ह्यो गाडा आता कुटं जायाचा न्हाय. हितंच ऱ्हाईल. जावा समदी घरला."

तात्या पाटलानं पलीकडच्या लोकांकडं बघितलं, त्यांनी त्याच्याकडं बघितलं. मग एकेक करून सगळे घराकडं वळले. स्वप्नातलं ते शेवटचं गाव मला त्या दिवशी सापडलं, आणि तिथं आपणच राहत होतो. तू हात धुतलेस आणि राहिलेल्या भाकरी थापायला बसलीस.

त्या दिवशी मी तुला काय काय नाही बोलले. म्हणलं, अगं बाई, देवी मानत नाहीस ना, मग जाळून टाक ते लाकूड, एक दिवसाचं जळण होईल. आणि मानत असशील तर लोट पुढं. हे मधलं काय? तू म्हणालीस, "लाकूडच हाय ते, वन्सं. पर दोन गावांचं भ्या हाय त्यात. भ्या जाळून जातंय व्हय? त्याला कुनीतरी थांबायला जागा द्याया लागती." मी म्हणलं, ती आपणच का? यावर तू हसलीस.

मग दोन्ही गावांनी आपलं पाणी बंद केलं. पाणी आणायचा तो खालच्या गावचा हुसेनभाई पिंजारी, कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर आणि डोक्यावर घागर. शिवेच्या दगडावर घागर ठेवायचा आणि लांबनंच सलाम करून जायचा. आणि आठवड्याभरात भलतंच सुरू झालं. लोकांनी असं धरलं की गाडा इथं थांबला म्हणजे देवीनं इथंच ठाण मांडलं. वरच्या गावची माणसं वरनं यायला लागली, खालची खालनं. नारळ घेऊन, हिरवा चोळखण घेऊन, आणि पाठीवर तापानं फणफणलेलं माणूस घेऊन. ख्रिस्ती बाईच्या अंगणात मरीआईला नवस! मी कपाळावर हात मारला. तू मात्र कुणाला काही म्हणाली नाहीस. त्यांनी गाड्याला हात जोडले की तू त्यांच्या आजाऱ्याला गोठ्यात घ्यायचीस, पेज पाजायचीस, गाठ शेकायचीस, आणि शेजारी बसून आपल्या देवाला त्याच्या नावानिशी सांगायचीस. हा अमक्याचा तमका, ह्याची बायको बाहेर बसलीय, बघ बाबा. किती जगले आणि किती गेले, मला विचारू नकोस. गेलेल्यांचे हात तुझ्या हातात होते, एवढं मी बघितलं.

आणि त्यात आपली मंजू गेली. तुझी एकुलती एक. चार वर्षांची, बोबडं गाणं म्हणत गोठ्यात सगळ्यांना पाणी द्यायची. हौसा, त्या दिवशी मी तुला जे बोलले ते अजून मागं घेत नाही. मी म्हणलं, बघ, भिंतीआड गेलो असतो तर पोर जगली असती. कुठं आहे तुझा राखणारा? तू तिचं अंगडं मांडीवर घेऊन घड्या घालत होतीस, मोडत होतीस, परत घालत होतीस. तशीच म्हणालीस, "वन्सं, देव मरू देत न्हाय असं मी कवा म्हटलं? सोडत न्हाय, येवढंच मला म्हाईत हाय." आणि मग इतकी रडलीस, इतकी रडलीस, की गोठ्यातली आजारी माणसं उठून दारात आली. मला राग होताच. पण तुला जवळ घेऊन बसले, कारण तुला दुसरं कोण होतं.

मिशनचं काय वेगळं? मडमसाहेब तेव्हा नवीन होत्या. अंगणात आल्या, चिंचेखाली कुंकू लावलेला गाडा बघितला आणि लाल झाल्या. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की गाडा जाळेपर्यंत हौसाबाईनं प्रभुभोजनाला बसायचं नाही. गावानं टाकलं, वस्तीनं टाकलं, आता हेही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तू त्यांना नम्रपणानं म्हणालीस, जाळते की, पण ह्या लोकांनी भ्या कुठं ठेवायचं ते आधी सांगा. गाडा तसाच राहिला. मग दर रविवारी तू चालत शहरात जायचीस आणि चर्चच्या पायरीवर बाहेर बसायचीस. आत भाकर फिरायची, बाहेर तू डोळे मिटून बसलेली. मी आत असायचे, नियमानं बसलेली, आणि भाकर घेताना दाराकडं बघायचे.

पलेग ओसरला. गाड्याला वाळवी लागली, दोन पावसाळे गेले, मुखवट्याचा रंग उडाला. लोक यायचे ते आता देवीला हात जोडायचे विसरायला लागले, सरळ तुझ्याकडंच यायचे. शिवेवरची वैनी, हे तुझं नावच पडलं. जी पाणी बंद करून बसली होती, ती पण वैनीच म्हणायला लागली. एका पावसाळ्यात जळण ओलं होतं, तेव्हा राहिलेली फळकुटं तू पेजेखाली सारलीस. मी दचकले. तू शांतपणे फुंकर घातलीस. कुणी विचारलं नाही, गाडा कुठं गेला म्हणून. त्यानंतरच्या रविवारी मडमसाहेब स्वतः पायरीपर्यंत आल्या आणि तुझा हात धरून तुला आत नेलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते सांगायला पाहिजे. मनानं वाईट नव्हती बाई.

आपलं भांडण मात्र राहिलंच. दर साथीला, दर दंग्याच्या बातमीला मी म्हणायचे, चल भिंतीच्या आत. तू म्हणायचीस, आपण आत गेलो की भ्या बाहेरच थांबतंय असं कुणी सांगितलं? आपल्या पाठनं तेही आत येतंय. मी म्हणायचे, तू बोलण्यात हरायची नाहीस. मग विषय स्वर्गावर जायचा. तू म्हणायचीस, तिथं शीव नाही. मी चिडवायचे, मग पाणी कुठल्या विहिरीचं? तू म्हणायचीस, एकच हीर, वन्सं, आणि तुमी माझ्या आधी जाऊन घागर बुडवून ठेवा. मी म्हणायचे, बघू. दर वेळी बघूच म्हणाले. एकदा तरी बरं म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं?

तू शेवटी काही मोठं बोलशील असं वाटलं होतं. किसन तर कान लावून बसला होता. तापात तू डोळे उघडलेस, छपराकडं बघितलंस आणि म्हणालीस, पेज खारट झालीया. झालं. एवढंच. जा म्हणाली नाहीस, राहा म्हणाली नाहीस. चर्चचे पाळक आजारी, म्हणून प्रार्थना किसननंच म्हटली. खड्डा त्यानं आणि हुसेनभाईनं खणला. या वयात तो माणूस कंबरेइतक्या खड्ड्यात उतरला. तापाच्या भीतीनं जवळ कुणी आलं नाही. पण माती लोटताना मी वर बघितलं, तर दोन्ही बांधांवर माणसं होती. वरचे वरच्या बांधावर, खालचे खालच्या. धुक्यात अर्धीमुर्धी दिसणारी, पागोटी काढून हातात घेतलेली. म्हातारा तात्या पाटील तर कुणाच्यातरी खांद्यावर हात टाकून उभा होता. आम्ही घरात येईपर्यंत ती तशीच उभी होती.

तर आज सकाळी बैलगाडी आली. भांडी किसननं बांधली होती, माझं गाठोडं माझ्या हातात. धुकं नेहमीसारखं. तू चुलीपुढं नव्हतीस; चूल पेटवलीच नव्हती. मी दाराला कुलूप घालत होते, आणि किल्ली लागेना. तेवढ्यात रस्त्यावरनं एक बाई आली. तरणीताठी, पायात काही नाही, आणि नवरा तिच्या खांद्यावर लोंबकळलेला. त्याचा श्वास मला अंगणातनं ऐकू येत होता. मलकापूरकडनं चालत शहरापर्यंत गेले होते. तिथं दवाखान्यात जागा नाही म्हणून परत निघालेत, आणि वाटेत कुणीतरी सांगितलं, की शिवेवर एक घर आहे, तिथली वैनी कुणाला घालवत नाही.

मी दोन पावलं मागं सरले, हौसा. खरंच सरले. किसन गाडीपाशी माझ्याकडं बघत उभा होता. बैल मान हलवत होते. भिंत, फाटक, दवाखाना, सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. बाईनं नवऱ्याला सावरलं आणि विचारलं:

"वैनी हायत न्हवं घरात?"

गेली, हा शब्द माझ्या ओठावर आला होता. चार दिवस जो भेटेल त्याला मी तोच सांगत होते. मी गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणलं, "हाय की. आत आण त्यास्नी."